गेलेला हात, उरलेला माणूस

आषाढांत श्रीज्ञानेश्वरांची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला येते आणि पुढें वेळापुराची वाट धरते. त्या वाटेवरच्या कीर्तनांत तेरच्या गोरोबा कुंभारांची कथा वारंवार रंगते. शपथ मोडली म्हणून गोरोबांनीं आपले दोन्ही हात तोडून घेतले. पुढें पंढरीस नामदेवांचें कीर्तन चाललें असतां ते पुन्हा फुटले, असें ती कथा सांगते. श्रद्धेच्या राज्यांत गेलेला अवयव परत येतो. इतिहासांत तो येत नाहीं; आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

कावसजी हा शेतकरी जातीचा मराठा इंग्रज फौजेंत बैल हांकीत असे. १७९२ च्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक कापण्यांत आलें आणि एक हातहि तोडण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावांचून राहिला. नंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें मेणाचा साचा कपाळावर पसरून त्या मापाची कातडी सोडविली, ती खालीं वळविली आणि काताच्या लेपानें नाकाच्या जागीं बसविली. ही रीत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि १८१४ सालीं कार्प्यू या शस्त्रवैद्यानें ती इंग्लंडांत यशस्वीपणें वापरली.

आपल्याकडे नाक म्हणजे अब्रू. नव्या नाकानें कावसजीला चारचौघांत तोंड दाखवितां आलें. हात मात्र कोणालाहि परत देतां आला नाहीं. लंडनच्या लेखांत नाकाचें वर्णन बारकाईनें आहे; हाताचा उल्लेख दोन शब्दांचा! वास्तविक भाकरी मोडतांना, पागोटें बांधतांना, कासरा धरतांना अडणार तें हातामुळेंच. जें दिसतें त्याची दखल जग घेतें. जें रोज सोसावें लागतें तें ज्याचें त्यालाच ठाऊक.

या सोसण्याकडे वैद्यकाचें लक्ष उशिरां गेलें. तुटलेला हात अजून आहे, त्याची मूठ आवळली आहे, ती दुखते आहे, असें जखमी शिपाई सांगत. अमेरिकेंतील यादवी युद्धानंतर वेअर मिचेल यांनीं १८७१ सालीं या आभासी अवयवाला नांव दिलें. तें वेड नव्हे, हें कळणें हाच कित्येकांना पहिला दिलासा झाला.

महाराष्ट्रांत १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धांतील अपंग शिपायांसाठीं, मुंबईंत क्वीन मेरी यांच्या नांवाची उद्योगशाळा निघाली. ती पुढें खडकीस गेली. १९४४ सालीं पुण्यांत कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालें. एकीनें धंदा दिला, दुसऱ्यानें हातपाय दिले. या क्रमांतहि अर्थ आहे. लांकडाचा पाय चालवितो खरा, पण कोठें जावयाचें हें ठरविण्यासाठीं मनास कांहीं काम, कोणाची तरी गरज लागते.

गोरोबांचे हात परत आले, ही कथा वारकरी सांगतच राहतील. परंतु तिच्यांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे: हात नव्हते तेव्हांहि गोरोबा कीर्तनांत सर्वांबरोबर उभे होते, त्यांना कोणी रिंगणाबाहेर ठेविलें नव्हतें.