सल्ला द्यायचा, उपदेश नाही: जनुकीय समुपदेशनाची गोष्ट

जनुकीय समुपदेशक व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं हल्ली मुलं विचारतात. उत्तरासाठी आपण जरा मागे जाऊ.

१८८३ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. आपण त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतो. कोणाला मुलं व्हावीत हे समाजाने ठरवावं, असा तो विचार. तो पुस्तकात राहिला नाही. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बक विरुद्ध बेल’ खटल्यात सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. पुढे नाझी जर्मनीत काय झालं, ते आपण जाणतोच.

आता गंमत बघा. मिनेसोटा विद्यापीठातली डाइट इन्स्टिट्यूट एका सुप्रजननवादी डॉक्टरच्याच पैशातून उभी राहिली. पण तिथले संचालक शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये ‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हा शब्द आणला, तो त्या जुन्या विचारापासून फारकत घेण्यासाठी. माहिती द्यायची, निर्णय कुटुंबाचा. १९६९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यातून स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला.

काम वरवर सोपं वाटतं. नवराबायको दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पण ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुखरूप’ असं लोक धरून चालतात. तसं नसतं हो! दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. हे समजावताना समोरच्या आईचा अपराधीपणाही सांभाळायचा असतो.

आता आमच्या तत्त्वज्ञानाचा प्रश्न. ‘निर्णय तुमचा’ म्हटलं की जबाबदारी संपते का? आपल्याकडे गर्भातले दोष शोधणारी चाचणी मुलगी नको म्हणून वापरली गेली. म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. म्हणजे एकीकडे शासनाने कुटुंबावर केलेली सक्ती, तर दुसरीकडे कुटुंबाने स्वातंत्र्याच्या नावाखाली केलेला अन्याय. समुपदेशकाला या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते.

‘समुपदेशन’ या आपल्या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि या कामात नेमका तोच टाळायचा आहे. ज्यांना या वाटेने जायचंय, त्यांनी जीवशास्त्र शिकावंच, पण ऐकायलाही शिकावं. दुसऱ्याचा निर्णय आपल्याला पटला नाही, तरी त्याच्यासोबत बसून राहता येईल का, हे आधी स्वतःला विचारावं.