मिश्रण की संयुग? सौंसर पट्ट्यातील मँगनीज खनिजांची साक्ष

मूलद्रव्य, संयुग व मिश्रण हे पदार्थाचे तीन भाग आणि समांगी व विषमांगी हे मिश्रणाचे दोन प्रकार आपण सर्वजण शिकवत आलो आहोत. उदाहरणेही ठरलेली असतात: मीठ-पाणी, वाळू व लोहकीस, दूध. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा आहे, रसायनशास्त्र नव्हे. परंतु पारिभाषिक शब्दांचा मागोवा घेताना तो पांढुर्णा-सौंसर परिसराच्या मँगनीज दगडांपर्यंत येऊन पोहोचला. ‘मिश्रण कशास म्हणावे’ हा प्रश्न या दगडांनी विसाव्या शतकातील अभ्यासकांना चांगलाच सतावला होता.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत ‘द्रावण’, हिंदीत ‘विलयन’, उर्दूत ‘महलूल’. घरी मराठी किंवा उर्दू आणि शाळेत हिंदी अशा सीमाभागातील विद्यार्थ्याला एकाच गोष्टीची तीन नावे सांभाळावी लागतात. हे एकवेळ चालेल. खरी अडचण ‘मुरक्कब’ या शब्दाची आहे. उर्दू रसायनशास्त्रात ‘मुरक्कब’ म्हणजे संयुग आणि ‘आमेज़ा’ म्हणजे मिश्रण. यूनानी वैद्यकात मात्र अनेक औषधी एकत्र करून जे बनते ते मुरक्कब. माजून, सफूफ, शरबत ही सर्व मुरक्कबातच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती निव्वळ मिश्रणे होत. सफूफ म्हणजे चूर्ण, ते विषमांगी. गाळलेले साखरेचे शरबत समांगी. 1917 साली हैदराबादला स्थापन झालेल्या दारुत्तर्जुमाने विज्ञानाच्या उर्दू परिभाषेचे मोठे कार्य केले. पण जुन्या शब्दाला नवा अर्थ दिला तरी जुना अर्थ मनातून जात नाही, हे भाषेच्या शिक्षकाला वेगळे सांगावयास नको.

युरोपातही ही सीमारेषा सहजासहजी आखली गेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने संयुगातील घटकांचे प्रमाण ठरलेले असते असे प्रतिपादन केले. बर्थोलेला ते मान्य नव्हते. प्रमाण बदलू शकते असे त्याचे म्हणणे होते. प्रूस्तचे उत्तर असे की, ज्यांचे प्रमाण बदलते ती संयुगे नसून मिश्रणे आहेत. वाद प्रूस्तने जिंकला आणि त्याचा नियम आपल्या पाठ्यपुस्तकात आला.

आता सौंसरकडे वळू. लुईस ली फर्मोर 1902 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला. भारतातील मँगनीज साठ्यांवरील त्याचा प्रचंड ग्रंथ 1909 साली प्रसिद्ध झाला. (प्रसिद्ध प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मोर हा त्याचा मुलगा.) नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा हा तेव्हाच्या मध्य प्रांतातील मँगनीज पट्टा त्याने बारकाईने पाहिला. येथील प्राचीन खडकांच्या समूहाला पुढे ‘सौंसर’ हेच नाव रूढ झाले. स्पेसार्टिन जातीचे गार्नेट व क्वार्ट्झ मिळून झालेल्या खडकाला त्याने गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. गोंडाइट हे विषमांगी मिश्रणाचे सरळ उदाहरण होय. भिंगाखाली धरले की गार्नेटचे कण वेगळे, क्वार्ट्झचे वेगळे.

पण प्रत्येक दगड इतका सरळ नव्हता. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार येथे फर्मोरला एक काळसर खनिज मिळाले. त्यात मुख्यत्वे मँगनीज व लोह होते. गावावरून त्याने त्याला ‘सीतापाराइट’ म्हटले आणि नवे खनिज म्हणून नोंदविले. त्यापूर्वी, 1897 साली, अमेरिकेतील युटा येथून ‘बिक्सबाइट’ नावाचे खनिज वर्णिले गेले होते. 1930 साली लायनस पाउलिंग व शॅपेल यांनी क्ष-किरणांच्या साह्याने बिक्सबाइटच्या स्फटिकाची रचना मांडली. पुढे 1942 साली ब्रायन मेसन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने बिक्सबाइट व सीतापाराइट ही एकच असल्याचे दाखविले. स्फटिकातील त्याच जागांवर कोठे मँगनीज बसते, कोठे लोह. त्यांचे प्रमाण कमीजास्त होऊ शकते. म्हणजे हे घन द्रावण, मीठ-पाण्यासारखेच समांगी, फक्त दगडाच्या रूपातले. बर्थोलेचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, असे येथे म्हणावेसे वाटते.

आधी दिलेले नाव टिकते या प्रथेनुसार सीतापाराइट हे नाव खनिजांच्या यादीतून उतरले. शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच. तरीही आपल्या मुलखातील एका खेड्याचे नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत काही दशके होते आणि त्याच भागातील शाळा-महाविद्यालयांत ते क्वचितच कोणी घेतले, याची खंत वाटते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीच्या खनिजाला फर्मोरने आपला सहकारी व्रेडेनबर्ग याच्या नावावरून ‘व्रेडेनबर्गाइट’ म्हटले. डोळ्यांना ते एकजिनसी दिसते आणि चुंबकाला जोरात ओढले जाते. पृष्ठभाग घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मात्र त्यात जॅकोबसाइट व हाउसमनाइट अशा दोन खनिजांचे पातळ थर एकमेकांत गुंतलेले आढळले. उच्च तापमानाला जे एकसंध होते ते थंड होताना आतल्या आत विभागले गेले. आपण वर्गात लोहकीस व गंधक चुंबकाने वेगळे करून दाखवितो. येथे चुंबक धरला तर अख्खा तुकडाच चिकटतो, कारण चुंबकीय जॅकोबसाइट आपल्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन येते. मिश्रण असूनही चुंबकाची कसोटी निरुपयोगी ठरते! मेसनने 1943 साली एकसंध व विभागलेला असे त्याचे दोन प्रकार वेगळे नोंदविले. आता हे स्वतंत्र खनिज मानले जात नाही.

‘मिश्रणाचे घटक सहज वेगळे करता येतात’ हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, तेव्हा त्यातील ‘सहज’ या शब्दाखाली रेघ ओढून थोडे थांबावे. 2023 साली पांढुर्णा हा पांढुर्णा व सौंसर तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. तेथील शिक्षकाला काचेच्या भांड्यांचा खर्च न करताही हा पाठ घेता येईल: गोंडाइटचा एक तुकडा, एक भिंग, एक चुंबक. ‘मुरक्कब’ शब्दाचा घोळ त्याच तासाला सोडविता आला तर उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांचीही सोय होईल.