पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत



आपल्या बुटीबोरी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार आपणा सर्वांच्या हातभाराने तडीस गेला. किती दगड लागला, किती सिमेंट लागले, कोणी श्रमदान केले आणि कोणी वर्गणी दिली, याचा तपशील याच स्मरणिकेत अन्यत्र आला आहे. चार शब्द इतिहासाचे लिहावेत, अशी समितीची आज्ञा झाली, तेव्हा मनात एक साधा प्रश्न आला. देऊळ बांधावयाचे ते कशासाठी? माणसाला देवाशी बोलावयाचे असते म्हणून. परंतु देव काही शेजाऱ्यासारखा ओट्यावर बसून उत्तर देत नाही. म्हणून हे बोलणे नेणारा-आणणारा कोणी तरी मध्ये लागतो. कधी तो मंत्र असतो, कधी पुजारी, कधी वाद्य, तर कधी नुसती भाषा. या मधल्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. विशेष म्हणजे, त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्या उंबरठ्यापाशीच लिहिले गेले आहे.

आपल्या शेजारच्या टाकळघाट व खापा या गावांच्या शिवारात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ साली तेथे उत्खनन केले. ती वर्तुळे म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या दफनभूमी होत. मृताबरोबर मातीची भांडी, लोखंडाची हत्यारे, एवढेच नव्हे तर घोड्याचे अवशेष व घोड्याचा साजही तेथे आढळला. त्या लोकांची भाषा आपणांस ठाऊक नाही, त्यांच्या देवाचे नावही ठाऊक नाही. तथापि मेलेल्या माणसाच्या सोबतीला भांडे आणि घोडा देणारा मनुष्य पलीकडच्या कोणाशी तरी काही बोलू पाहत होता, हे सांगावयास पंडित नको. आपल्या परिसरातील ही सर्वांत जुनी प्रार्थना दगडांत आहे, शब्दांत नाही.

याच वर्तुळांशी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव निगडित आहे. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने चालते. आपल्या धर्माचा संदेश देण्यासाठी आलेल्या या गृहस्थाने येथील दगडधोंडे, जीवाश्म आणि वनवासी समाज यांचा मनापासून अभ्यास केला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून परतत असता पावसाने फुगलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात सर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ साली छापले. त्या कागदांत गोंडांच्या लिंगो या महापुरुषाचे दीर्घ गीत आहे, आणि ते मिळाले एका परधानाच्या तोंडून.

परधान हा गोंडांचा गायक. त्याचे तंतुवाद्य वाजले की बडादेव जागा होतो, अशी श्रद्धा. परधान स्वतः देव नव्हे आणि देवाचा मालकही नव्हे. वाद्य वाजवावे, देवाला साद घालावी, कुळाची गाथा गावी आणि यजमानाचे बोलणे देवापुढे पोचवावे, एवढेच त्याचे काम. एका धर्माचा दूत दुसऱ्या धर्माच्या दूताचे गाणे लिहून घेतो, आणि त्याहून प्राचीन लोकांची प्रार्थना पाहून परतताना मृत्यू पावतो. असा प्रसंग आपल्या शिवारालगत घडला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

आता भाषेची गोष्ट पाहू. पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते. राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडला आहे. त्यातील दान रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपाशी दिल्याचा उल्लेख आहे, आणि रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे बहुतेक विद्वान मानतात. ताम्रपटाची भाषा संस्कृत. राणीचे देवाशी बोलणे संस्कृतात झाले, परंतु तिच्या राज्यातील नांगरधाऱ्याला त्यातला शब्दही कळला नसेल.

त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी त्याच रिद्धपुरात उलटे घडले. तेथे गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते. त्यांना गुरू मानणाऱ्या श्रीचक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची शिकवण लोकांच्या बोलीत दिली. स्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभट ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन विचारपूस करीत. त्यातून १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ होय. पुढे केशोबासांनी संस्कृतात लिहिण्याची इच्छा दाखविली, तेव्हा आचार्य नागदेव यांनी त्यांना परावृत्त केले. कारण काय, तर पंथातील म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही आणि त्या वंचित राहतील! आचार्यांच्या डोळ्यांपुढे विद्वानांची सभा नव्हती, जपमाळ घेऊन बसलेली म्हातारी होती. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

१२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वर माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. नामदेव, जनाबाई यांनी दळता-कांडता देवाशी बोलण्याची वाट दाखविली. वारकरी कीर्तनकारही मधलाच, पण तो टाळकऱ्यांच्या मध्ये उभा राहतो आणि शेवटी सर्वांच्या मुखी नाम देऊन आपण बाजूला होतो. आपल्या जिल्ह्यातील धापेवाडा विदर्भाची पंढरी म्हणून प्रसिद्ध आहे, ते याच भक्तीमुळे.

तथापि भाषा मोकळी झाली म्हणून दार मोकळे झाले, असे नाही. संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान परंपरेने बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा मानतात, म्हणजे ते आपल्या विदर्भाचेच. त्यांचे अभंग महाराष्ट्र गातो, पण पंढरीच्या मंदिरात त्यांस प्रवेश नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्यास कुसू कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी दिली, अशी कथा आहे. देवाशी ज्याचे बोलणे अखंड चालले होते, त्याला जागा मिळाली ती दाराबाहेर.

हे दार उघडावयास सहाशे वर्षे लागली. साने गुरुजींनी पंढरपुरास १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि विठ्ठलाचे मंदिर हरिजनांस खुले झाले. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. त्यानंतर मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून व स्त्रियांकडून अर्ज मागविले.

परंतु तोवर फार उशीर झाला होता, हेही प्रांजळपणे लिहिले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या मार्गात देवाकडे निरोप नेणारा कोणी नाही, कारण तेथे भर माणसाच्या आचरणावर आहे. मधल्यांनी दार अडविले की माणसे आपली वाट शोधतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार दार अडविणाऱ्यांस नाही.

हे सारे दूरचे वाटू नये म्हणून घरची आठवण सांगतो. माझ्या लहानपणी पालखी निघावयाची ती डफड्याच्या ठेक्यावर. डफडे वाजविणारे आले नाहीत तर पालखी थांबून राही. पण पालखी परत आली की ते वाजविणारे पायरीखाली थांबत, नारळाचा तुकडा वरून त्यांच्या हातात पडे, आणि ते तेथूनच हात जोडून जात. आम्ही मुले गाभाऱ्यापर्यंत धावत जात असू. यात काही वावगे आहे असे आम्हांस कोणी सांगितले नाही आणि आम्ही कोणास विचारले नाही. आज त्याची लाज वाटते. परधानाचे वाद्य बडादेवाला जागे करते, तसे त्यांचे डफडे आमच्या देवाला जागे करीत होते. देवाला जागविणारा बाहेर आणि झोपेतून उठून आलेले आम्ही आत!

याच विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन सामुदायिक प्रार्थनेचा पाठ दिला. सर्वांनी एकत्र बसावे आणि एकाच वेळी प्रार्थना करावी, हे त्यांचे सांगणे. मागे-पुढे, वर-खाली असा भेद तेथे उरत नाही.

जीर्णोद्धाराच्या सभेत जुनी पायरी काढून टाकावी की ठेवावी, यावर चर्चा झाली. ती आहे तशीच ठेवण्याचे ठरले, याचा मला आनंद आहे. त्या दगडापाशी किती जणांचे बोलणे अडले, हे पुढील पिढीस कळले पाहिजे. आता तिच्यावर पाय देऊन सर्वांनीच वर जावयाचे आहे.

आपले गाव आता पूर्वीचे राहिले नाही. औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून आलेले कामगार रात्रपाळी संपवून पहाटे देवळापाशी थांबतात, चपला काढतात आणि आपापल्या भाषेत पुटपुटतात. पुजारी तेव्हा आलेला नसतो, दिवाही लागलेला नसतो. त्यांचे बोलणे पोचत नसेल, असे कोण म्हणेल?

पुजाऱ्यांचे, भजनी मंडळाचे, समितीचे आणि दात्यांचे मोल मोठे आहे. त्यांच्यावाचून देऊळ उभे राहत नाही. मात्र निरोप्याने निरोप पोचवावा आणि वाटेतून दूर व्हावे, हीच आपल्या संतांची रीत. नव्या देवळाचे दार त्या रीतीने सर्वांस उघडे राहो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.