'बल्गारी' की 'बुल्गारी'? एका उच्चाराचा इतिहास

घड्याळांच्या शौकिनांमध्ये एक वाद कधी मिटत नाही. रोमच्या त्या प्रसिद्ध जवाहिऱ्यांचे नाव 'बल्गारी' की 'बुल्गारी'? उत्तर एका ओळीचे आहे. मात्र त्या ओळीमागे एक ग्रीक कारागीर आहे, फ्लोरेन्समधले एक घड्याळाचे दुकान आहे आणि स्वतःची बोली कोणती हे ठरवू पाहणारा एक अख्खा देश आहे. म्हणून हा लांबलेला धागा.

आधी उत्तर. 'बुल्गारी', आणि आघात 'बु'वर; 'गारी' हलकेच उच्चारायचे. देवनागरीची इथे जरा पंचाईत होते. दीर्घ 'गा' दिसला की आपला जोर आपोआप तिथे जातो. मराठीत त्याने काही बिघडत नाही, कारण आपल्याकडे आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इटालियनमध्ये बदलतो. 'आन्कोरा' या एकाच लेखनात 'आन्'वर जोर दिला तर जहाजाचा नांगर होतो आणि 'को'वर दिला तर 'अजून'.

हा आघात मुळात इटालियन नाहीच. पेढीचे संस्थापक सोतिरिओस वूल्गारिस हे ग्रीक. जन्म १८५७चा, एपिरस प्रांतातल्या पारामिथिया गावचा. तो प्रदेश तेव्हा उस्मानी साम्राज्यात होता. घराण्याचा धंदा चांदीकामाचा. १८८१ मध्ये ते इटलीत आले आणि १८८४ मध्ये रोमच्या व्हिया सिस्तिना रस्त्यावर त्यांनी दुकान थाटले. मूळ ग्रीक आडनावातही जोर पहिल्याच अक्षरावर आहे. आरंभीचा 'व' इटलीत 'ब' झाला, शेवटचा 'स' गळाला, आघात तेवढा जागचा हलला नाही.

फलकावर 'यू'च्या जागी 'व्ही' दिसतो, त्यामुळे अनेकजण 'ब्वल्गारी' म्हणू लागतात. हा प्राचीन रोमचा थाट आहे. अभिजात लॅटिन शिलालेखांत 'उ' आणि 'व' या दोहोंसाठी एकच अक्षर कोरले जाई. १९७७च्या 'बुल्गारी बुल्गारी' घड्याळात तबकडीभोवतीच्या कड्यावर हे नाव दोनदा कोरले, तेही रोमन नाण्यांवरील लेखांच्या धर्तीवर.

आता फ्लोरेन्सकडे. १८६० मध्ये जोव्हान्नी पानेराइ यांनी आर्नो नदीवरील ग्राझिए पुलावर घड्याळाचे दुकान उघडले. पुढे याच घराण्याच्या पेढीने इटलीच्या नौदलाला अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांची उपकरणे आणि पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळे पुरवली. पण १८६०चे महत्त्व वेगळे आहे. इटलीच्या राज्याची घोषणा झाली मार्च १८६१ मध्ये. म्हणजे दुकान देशापेक्षा वयाने मोठे!

त्या नव्या देशात इटालियन येत कुणाला होती? तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ मध्ये मांडलेला अंदाज जेमतेम अडीच टक्क्यांचा आहे. आर्रिगो कास्तेल्लानी यांनी पुढे तो सुमारे दहा टक्क्यांपर्यंत नेला. दहा धरले तरी उरलेले नव्वद टक्के लोक व्हेनेशियन, नेपोलिटन, सिसिलियन, पिएमोंतेसे अशा आपापल्या भाषा बोलत होते. इटालियन ही प्रामुख्याने लिहिण्याची भाषा होती, आणि तिचा पाया होता चौदाव्या शतकातील फ्लोरेन्सच्या साहित्याचा. तो पाया पक्का करणारे पिएत्रो बेम्बो स्वतः व्हेनिसचे. त्यांचा ग्रंथ १५२५चा. फ्लोरेन्समध्ये १५८३ साली स्थापन झालेल्या क्रुस्का अकादमीने १६१२ मध्ये कोश छापला आणि शब्द ठरले. उच्चार कुणी ठरवला नव्हता.

इथे मला सर्वांत गंमत वाटते ती फ्लोरेन्सच्याच तोंडी असलेल्या भाषेची. ज्या शहराच्या भाषेवर प्रमाण इटालियन उभी राहिली, त्या शहराचा उच्चार प्रमाण नाही. तिथे दोन स्वरांमधला 'क' घशात विरतो. 'ला कासा' म्हणजे 'घर', ते 'ला हासा' होते. 'प' ओठांवरच्या फुंकरीइतका मऊ होतो, 'च'चा 'श' होतो. घड्याळाच्या तबकडीवर कधीकाळी झळकणारे 'ओफ्फिचीने पानेराइ' हे नाव (जोर 'ची'वर आणि 'रा'वर) अस्सल फ्लोरेन्टाइन माणसाकडून ऐकावे तर 'ओफ्फिशीने', आणि नुसतेच 'ला पानेराइ' म्हटले तर 'फानेराइ'च्या जवळपास. हाच माणूस 'गुच्ची' मात्र ठणठणीत 'गुच्ची' म्हणतो, कारण जोडाक्षराला ही मऊ करणारी सवय शिवत नाही. उत्तरेत मिलान-व्हेनिसकडे नेमके उलटे: जोडाक्षरे सैल पडतात आणि 'गुची' कानी येते. रोममध्ये शब्दारंभीचा 'ब' दुप्पट होतो, 'ला ब्बुल्गारी'. रोमच्या बोलीबद्दल दान्तेने चौदाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील सर्वांत कुरूप बोली असा निकाल दिला होता. तस्कनीच्या बोलीही त्याने नाकारल्याच.

मग 'शुद्ध' उच्चार आला कुठून? रेडिओतून. १९३९ मध्ये, फॅसिस्ट राजवटीत, सरकारी नभोवाणीसाठी जुलिओ बेर्तोनी आणि फ्रांचेस्को उगोलिनी यांनी उच्चारांची मार्गदर्शिका तयार केली. त्यांनी 'रोम-फ्लोरेन्स भाषिक अक्ष' अशी कल्पना मांडली. तीन वर्षे आधीच्या रोम-बर्लिन अक्षाची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन शहरांत मतभेद असेल तिथे झुकते माप राजधानीला. त्याच राजवटीने शाळांतून बोलीभाषांना हद्दपार करायचा चंग बांधला होता, हे विसरून ही मार्गदर्शिका वाचता येत नाही. युद्धानंतर राजवट गेली, एकच उच्चार हवा ही गरज राहिली. ३ जानेवारी १९५४ रोजी दूरचित्रवाणीचे नियमित प्रसारण सुरू झाले आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय प्रसारणसंस्थेने स्वतःचा उच्चारकोश काढला. त्यातला उच्चार नट आणि निवेदक प्रयत्नाने शिकतात. घरात तसे बोलणारे फार थोडे.

त्यामुळे कुणी 'बल्गारी' म्हटले म्हणून हसणाऱ्यांशी माझे जमत नाही. आघात कुठे आहे ते जरूर सांगावे, सोतिरिओस वूल्गारिस यांचे नाव होते ते. पण 'अस्सल इटालियन उच्चार' असे कुणी म्हणाले, की कुठल्या शहराचा, असे विचारावे.

एक गोष्ट राहिली. पानेराइची पेढी १९९७ मध्ये परदेशी उद्योगसमूहाकडे गेली. आज तिची घड्याळे स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला बनतात. बुल्गारीच्या घड्याळविभागाचे ठाणेही त्याच शहरात आहे. न्यूशातेलची भाषा फ्रेंच, आणि फ्रेंचमध्ये जोर पडतो तो शेवटच्या अक्षरावर. 'पानेराइ' तिथे फारसे बिघडत नाही. 'बुल्गारी'चा आघात मात्र थेट 'री'वर जातो.