बाळंतिणीची खाट आणि बाळाचा पाळणा

पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीतला दिवा विझू द्यायचा नाही आणि घरातल्या बायकांनी आळीपाळीने जागायचे, ही चाल महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांतही परवापरवापर्यंत पाळली जात असे. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते म्हणून पाटावरवंट्याची पूजा मांडून शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवीत. या चालीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु नाळ विळ्याने वा मिळेल त्या पात्याने कापल्यामुळे होणारा नवजाताचा धनुर्वात नेमका पहिल्या आठवड्याच्या अखेरीस डोके वर काढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या जागरणामागची भीती पोकळ नव्हती हे पटते. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात जातहारिणींची जी भयाण वर्णने येतात तीही याच भीतीची होत. शत्रू कोण हे ठाऊक नव्हते. तो कोणत्या दिवशी येतो एवढे मात्र बायकांना पक्के ठाऊक होते. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले ते २०१५ साली.

घरच्या खोलीत बाळ निजे ते आईच्या कुशीत. कुशीतही धोका असतोच. झोपेत आईच्या अंगाखाली मूल दडपले गेल्याची जुन्यातली जुनी लेखी नोंद बायबलात, शलमोन राजाच्या न्यायाच्या कथेत आहे. त्या दोन स्त्रियांचे भांडण उद्भवते तेच या अपघातातून. अठराव्या शतकात फ्लॉरेन्स शहरी दाया ‘आर्कुच्चो’ नावाची लाकडी कमानदार चौकट वापरीत. अर्भक तिच्याखाली निजवले म्हणजे दाईला गाढ झोप लागली तरी पांघरुणाचा वा अंगाचा भार त्याच्यावर पडत नसे, आणि दूध पाजण्यापुरती एका बाजूस खाच ठेवलेली असे. आईपासून दूर न नेता बाळाचे रक्षण करण्याची ही युक्ती आजच्या कित्येक उपकरणांपेक्षा शहाणपणाची म्हणावी लागेल.

रुग्णालयाने मात्र प्रारंभी रक्षण केले नाही, घात केला. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्याआधी एप्रिलमध्ये त्या विभागातील बाळंतिणींचे मृत्युप्रमाण शेकडा १८ च्या घरात होते, ते जूनमध्ये शेकडा दोनच्या आसपास आले. वैद्यकविश्वाने त्याची उपेक्षा केली ही कथा सर्वश्रुत आहे. तितकीशी ठाऊक नसलेली कथा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी चालवलेला प्रसूतिकक्ष सूतिकाज्वराच्या मृत्यूंमुळे १८६७ मध्ये बंद करावा लागला. बाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी ठिकठिकाणचे आकडे गोळा केले आणि १८७१ साली सूतिकागृहांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. गरिबाच्या कोंदट घरातले बाळंतपणही मोठ्या सूतिकागृहातील बाळंतपणापेक्षा कमी धोक्याचे ठरते, हा त्यातला निष्कर्ष. रुग्णालयांच्या सुधारणेसाठी आयुष्य वेचलेल्या स्त्रीने तो छापून काढावा, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

हिंदुस्थानात सूतिकागृहांच्या उभारणीने वेग घेतला तो याच सुमारास. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी स्थापन झाला, १८८६ मध्ये मुंबईचे कामा रुग्णालय उघडले आणि अनेक संस्थानांच्या राजधान्यांतूनही स्त्रियांचे दवाखाने निघाले. त्याच १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेल्याचे दुःख त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षाचे काम त्यांच्याकडे यायचे होते; फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाल्याने ते राहिलेच. डॉ. रखमाबाई १८९५ पासून सुरतेस आणि पुढे दीर्घकाळ राजकोटला काम करीत होत्या. सुरतेस बायका बाळंतपणासाठी रुग्णालयाची पायरी चढेनात, तेव्हा त्यांनी एका गाभण शेळीला आणून तिची सुखरूप सुटका करून दाखवली, अशी आठवण सांगितली जाते. आठवणीत भर किती पडली असेल ती असो, लोकांच्या मनातील धास्ती खरी होती. आणि नाइटिंगेलबाईंचे आकडे पाहता ती सर्वस्वी अडाणीपणाची म्हणता येत नाही.

यानंतरचा टप्पा काचेचा. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञास अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी तशीच पेटी करावीशी वाटली, आणि १८८० नंतर मातेर्निते रुग्णालयात ती वापरात आली. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या अर्भकांचे मृत्युप्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर उतरल्याची नोंद तेथील आहे. त्याचा शिष्य पिएर ब्यूदाँ आईला पेटीशेजारी ठेवून तिचेच दूध पाजण्याविषयी आग्रही होता. पण पेटी जगभर गेली आणि आग्रह पॅरिसमध्येच राहिला. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने तर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे तिकीट लावून पेटीतली जिवंत मुले दाखवली. प्रकार किळसवाणा वाटतो. मात्र त्या तिकिटांवरच मुलांचा खर्च चाले, पालकांकडून तो एक पैही घेत नसे, आणि पुष्कळ मुले जगली.

अमेरिकेत १९०० साली शंभरात पाच बाळंतपणेही रुग्णालयात होत नसत. १९४० च्या सुमारास निम्म्याहून अधिक होऊ लागली. एवढ्या बाळांचे करायचे काय, या प्रश्नाला त्या काळाने दिलेले उत्तर म्हणजे नर्सरी. आई एका दालनात, मूल दुसऱ्या दालनात पाळण्यांच्या रांगेत, आणि बाप काचेच्या खिडकीबाहेर उभा. दर चार तासांनी घड्याळाच्या ठोक्यावर परिचारिका मूल आणून देई व परत नेई. हेतू वाईट नव्हता. पाहुण्यांचे हात आणि खोकले यांपासून अर्भकाला दूर ठेवायचे, आणि आईलाही झोप मिळू द्यायची. परंतु पन्नास अर्भके एका छपराखाली आणि त्यांना हाताळणारे दोनचार हात, अशी मांडणी झाली की एकाचा जंतू पन्नासांना पोचतो. नर्सऱ्यांतून जुलाबाच्या साथी उसळल्या. १९५० च्या दशकात पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंतच्या नर्सऱ्यांत शिरला. त्यावर उपाय म्हणून बाळांना हेक्झाक्लोरोफीनने अंघोळी घालण्यात आल्या, तर ते द्रव्य कातडीतून मेंदूपर्यंत पोचते असे दिसून आल्याने १९७१ मध्ये अमेरिकेत त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. पेटीतल्या अमर्याद प्राणवायूने १९४० च्या दशकारंभापासून १९५४ पर्यंत जगात सुमारे दहा हजार मुले आंधळी केली, ती हकीकत याहून दारुण आहे. जीव वाचवण्यासाठी दिलेल्या गोष्टीचे प्रमाण कोणी मोजलेच नव्हते.

मूल पुन्हा आईजवळ आणण्याचे प्रयत्न दोन ठिकाणी विशेष झाले. इंग्लंडात न्यूकॅसल येथील बालरुग्णालयात जेम्स स्पेन्स यांनी आजारी अर्भकांबरोबर मातांनाही ठेवून घेण्यास आरंभ केला. अमेरिकेत न्यू हेवन येथे डॉ. एडिथ जॅक्सन यांनी १९४६ मध्ये आई व बाळ एकाच खोलीत ठेवण्याचा प्रयोग मांडला. पुढे १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ‘बालस्नेही रुग्णालय’ उपक्रम सुरू केला, तेव्हा दिवसरात्र बाळ आईजवळ ठेवणे हे त्यातील दहा कलमांपैकी सातवे कलम ठरले.

गरीब देशांत हेच पाऊल तत्त्वासाठी नव्हे, नाइलाजाने पडले आणि म्हणूनच अधिक दूरवर गेले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, धारावीच्या उशाशी, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या नवजात विभागात परिचारिका अपुऱ्या आणि जंतुसंसर्ग अनावर होता. त्यांनी बाटलीतले दूध हद्दपार केले आणि हात धुवायला शिकवून मातांनाच बाळांच्या शुश्रूषेत घेतले. ज्यांच्या आईला दूध नाही अशांसाठी १९८९ मध्ये तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. दक्षिण अमेरिकेत बोगोटा शहरी एदगार रेय यांच्या रुग्णालयात एकेका पेटीत दोनदोन अर्भके ठेवण्याची पाळी आली होती; १९७८ पासून त्यांनी ती आईच्या उघड्या छातीशी बांधण्यास सुरुवात केली. हीच ‘कांगारू’ पद्धती.

आणि तरीही कुशीतला जुना धोका रुग्णालयाच्या खाटेवर परत आलाच. खाट उंच, तिला कठडा नाही. शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशामक औषध दिलेली, दोन रात्रींची जागलेली आई पाजता पाजता पेंगते आणि बाळ फरशीवर पडते. अमेरिकेतील दोन पाहण्यांत दर दहा हजार जन्मांमागे असे पडण्याचे प्रमाण सुमारे दीड ते चार आढळले. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत छातीशी पालथ्या धरलेल्या बाळाचे नाक दबून श्वास थांबण्याचे प्रसंगही नोंदले गेले आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याविषयी स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले. आई झोपेला आली की बाळाला उताणे, शेजारच्या पाळण्यात ठेवावे. छातीशी असता त्याचा चेहरा दिसत राहील असे कोणीतरी पाहावे, हे त्याचे सार. न्यूकॅसलमध्येच हेलन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्रकार ताडून पाहिले. आईच्या खाटेला लावलेला, मध्ये आडोसा नसलेला पाळणा त्यांच्या २००६ च्या निबंधात उजवा ठरला: बाळ हाताशी राहिल्याने वरचेवर पाजता येते, आणि खाटेवरचा धोकाही टळतो. आर्कुच्चो नव्या रूपात परतला म्हणावयाचे.

आपल्याकडे या चर्चेला वेगळा संदर्भ आहे. जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरांपैकी ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९. दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढली, त्या मानाने खाटा आणि परिचारिका वाढल्या नाहीत. एका खाटेवर दोन बाळंतिणी निजवाव्या लागतात तेथे पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरी जिल्होजिल्ही नवजात अतिदक्षता कक्ष उभे राहिले आणि नवजातांचे मृत्युप्रमाण २०२० पर्यंत हजारी २० वर आले, हे यश लहान नव्हे. पण काच पुन्हा उभी राहिली, आणि काचेमागे काय चालले आहे हे आईला दिसेनासे झाले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील अशा कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली; सात वाचली. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीत पुन्हा तेच घडले आणि दहा अर्भके गेली. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात दोन नवजातांना उंदरांनी चावे घेतले व पुढे ती दोन्ही दगावली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्या रुग्णालयातून नवजाताची चोरी वा विक्री होईल त्याचा परवाना तत्काळ निलंबित करावा, असे बजावले होते. यांतील एकही संकट वैद्यकशास्त्राला न सुटलेले कोडे नाही. वीजतारांची तपासणी, उंदरांचा बंदोबस्त, मनगटावरची पट्टी आणि रात्री जागे असलेले माणूस, एवढ्यात यांचा बहुतांश बंदोबस्त होतो.

काच दूर करण्याचा प्रयोगही याच देशात झाला आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात अतिदक्षता कक्षातच, बाळाच्या शेजारी आईची खाट ठेवण्यात आली आणि आईवरचे उपचारही तेथेच होऊ लागले. भारतासह घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांत मिळून हा अभ्यास झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या अर्भकांपैकी जन्मल्यापासून आईच्या अंगाशी ठेवलेल्यांत पहिल्या २८ दिवसांत शेकडा १२ दगावली, नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्यांत शेकडा १५.७. हा फरक दिसताच अभ्यास मध्येच थांबवण्यात आला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा कक्षात आई एकटी नसते. ती अंघोळीस वा जेवणास गेली म्हणजे सासू, बहीण वा नवरा बाळाला छातीशी धरून बसतात.