अर्धा रावस कुठल्या वहीत लिहायचा?

अलिबाग, रेवदंडा किंवा मुरूडच्या बाजारात तुम्ही कधी रावस घेतला असेल, तर कोळीणमावशींनी कल्ला उचलून आतला लाल रंग नक्की दाखवला असेल. "ताजा आहे, बघून घ्या." मासा अख्खा, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

आज मला दुसऱ्याच रावसाबद्दल लिहायचंय. हा बाजारात येतच नाही. जाळं ओढलं की जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, त्याचं नुसतं डोकं अडकलेलं असतं. खालचं धड गायब. होडीवरचा खलाशी ते डोकं सोडवतो, समुद्रात फेकतो आणि पुढचं जाळं ओढायला लागतो. कुणी काही लिहून घेत नाही. माझ्या पीएचडीचा बराचसा वेळ सध्या या न लिहिलेल्या माशामागे जातोय.

आधी थोडी ओळख. मी मुळात प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. एमएस्सीनंतर मासेमारीच्या इतिहासाकडे वळले, त्यामुळे जुनं कागदपत्र वाचतानाही माझं लक्ष आधी माशाच्या दातांकडे जातं. या विषयात त्याचा उपयोगच होतो.

इंग्रजांनी रावसाला 'इंडियन सालमन' म्हटलं आणि ते नाव हॉटेलांच्या मेन्यूत आजही टिकून आहे. खऱ्या सालमनशी त्याचं जवळचं नातं नाही. रावसाच्या छातीच्या पराखाली चार सुटे, बोटांसारखे धागे असतात, त्यावरून शास्त्रीय नावात 'टेट्राडॅक्टिलम', म्हणजे चार बोटांचा, असा शब्द आला. पॅट्रिक रसेल यांनी १८०३ मध्ये विशाखापट्टणमच्या माशांवर पुस्तक छापलं. त्याच्या आधारावर जॉर्ज शॉ यांनी १८०४ मध्ये या माशाला शास्त्रीय नाव दिलं.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८२९ मध्ये, पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए यांनी मलबार किनाऱ्यावरून आलेल्या एका डॉल्फिनला नाव दिलं, 'प्लंबियस', म्हणजे शिशाच्या रंगाचा. आपल्या किनाऱ्यावर दिसणारा पाठीला कुबड असलेला डॉल्फिन तो हाच. मालवणकडे डॉल्फिनला गादा म्हणतात.

आता गंमत बघा. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत १८८९ मध्ये माशांचे खंड आले, ते फ्रान्सिस डे यांचे. त्याच सुमारास सस्तन प्राण्यांचा ग्रंथ आला, तो ब्लॅनफर्ड यांचा. रावस एका खंडात, डॉल्फिन दुसऱ्या खंडात. समुद्रात मात्र दोघं एकाच ठिकाणी राहतात. रावसाला किनाऱ्याजवळचं गढूळ पाणी आणि खाड्यांची मुखं आवडतात. हा डॉल्फिनही किनारा सोडून फार आत जात नाही, साधारण वीस-पंचवीस मीटर खोलीपर्यंतच त्याचा वावर. कुंडलिकेचं मुख, राजपुरीची खाडी, सावित्रीचं मुख ही दोघांच्याही कामाची ठिकाणं. आणि आपल्या होड्यांच्याही.

होडीवर काय घडतं ते आता सांगते. गिलनेट म्हणजे पाण्यात उभ्या पडद्यासारखं सोडलेलं जाळं. मासा डोकं घालतो, पुढे जाता येत नाही, मागे फिरायला गेला की कल्ल्यात दोरा अडकतो. डॉल्फिनसाठी हे वाढलेलं ताट. जाळं वर आलं की उरलेल्या तुकड्यावरून चोर ओळखता येतो. मुशीचे दात कापणारे, त्यामुळे कड चंद्रकोरीसारखी साफ कापलेली असते. डॉल्फिनचे दात शंकूसारखे, धरायला केलेले. तो कापत नाही, ओढतो. म्हणून डोकं जाळ्यात राहतं आणि धड तुटून जातं. जाळंही बऱ्याचदा त्याच झटक्यात फाटतं.

एका पहाटे मी अशा होडीवर होते. तांडेलकाकांनी मला आधीच बजावलं होतं, जाळ्यात घाईनं हात घालायचा नाही. कारण रावसाच्या मागे आलेलेही जाळ्यात असतात. जिवंत मुशी, शेपटीत काटा असलेली पाकट, कधी समुद्रसाप. आधी हे बाजूला करायचे, मग रावस. तो सोडवताना कल्ला फाटू द्यायचा नाही, कारण गिऱ्हाईक तोच बघणार. मग लगेच बर्फात. उष्ण प्रदेशात साधारण एक किलो माशाला एक किलो बर्फ असं प्रमाण सांगतात, तेवढा बर्फ नेणं प्रत्येक होडीला परवडतंच असं नाही.

आता एक बारीक गोष्ट. आपल्याकडे रावस होडीवर साफ करत नाहीत. पोट फाडत नाहीत, कल्ले काढत नाहीत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गळानं सालमन पकडणारे उलटं करतात. कल्ले कापून रक्त काढतात, आतडी होडीवरच काढतात, कारण त्यांचा मासा दूरच्या बाजारात जातो. मग होडीमागे समुद्रपक्षी येतात आणि समुद्रसिंह गळाला लागलेला मासाच ओढून नेतात. म्हणजे मासा कसा हाताळायचा हे बाजार ठरवतो, आणि होडीभोवती कोण जमणार हे बऱ्याच अंशी त्या हाताळणीवर ठरतं.

हेच सूत्र घेऊन मी आपल्या किनाऱ्याचा इतिहास वाचते. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा. त्याचं गॅझेटियर १८८३ चं. त्या काळी होड्या शिडाच्या, जाळी सणाची नाहीतर सुताची. अशी जाळी पाण्यात कुजतात. ती झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवायची आणि वारंवार उन्हात सुकवायची. जाळं दिवसेंदिवस पाण्यात ठेवणं परवडणारंच नव्हतं. अमेरिकेचा बर्फ १८३० च्या दशकात जहाजानं मुंबईला यायला लागला होता, पण तो साहेबांच्या आणि शेठजींच्या पाण्यासाठी. कोळ्यांच्या होडीत त्याला जागा नव्हती. मासा धरला की वारा असेल तसं किनारा गाठायचा, नाहीतर मीठ लावून सुकवायचा.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन दशकांत तीन गोष्टी बदलल्या. होडीला इंजिन आलं, किनाऱ्यावर बर्फाचे कारखाने आले आणि सुताच्या जागी नायलॉन आलं. नायलॉन कुजत नाही, सुकवावं लागत नाही. इंजिनमुळे लांब जाता आलं आणि बर्फामुळे मासा टिकायला लागला. माझा तर्क असा की या तिन्हींनी मिळून एकच गोष्ट वाढवली, ती म्हणजे मासा जाळ्यात आणि होडी समुद्रात असण्याचा वेळ. जाळं लांब झालं की पहिलं टोक ओढेपर्यंत दुसऱ्या टोकाला अडकलेला रावस तसाच लटकत राहतो. डॉल्फिन हुशार प्राणी आहे, तो शिकतो. ज्या बदलांनी रावस मुंबईच्या ससून डॉकपर्यंत ताजा पोचवला, त्यांनीच डॉल्फिनलाही जास्त वेळ दिला.

हा तर्क मला आकड्यांनी सिद्ध करायचाय, आणि अडचण तिथेच आहे. आपल्याकडे सागरी माशांचे अंदाज काढले जातात ते किनाऱ्यावर उतरलेल्या माशांवरून. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. तिचे लोक बंदरांवर नमुने घेऊन आकडे काढतात, आणि ते काम मोलाचं आहे. पण अर्धा रावस बंदरावर उतरतच नाही. त्यामुळे तो कुठल्याच रकान्यात नसतो.

"एवढं काय त्याचं?" असं माझ्याच एका मित्रानं विचारलं. तर ऐका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं डॉल्फिनला सर्वोच्च दर्जाचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. कुबडवाला डॉल्फिन जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक चांगली योजनाही आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं आणि फोटो दाखवला, तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई मिळते. पण डॉल्फिननं स्वतःच जाळं फाडलं आणि निघून गेला तर? तेव्हा सोडवलेला प्राणी नाही, फोटो नाही, हातात फक्त रावसाचं डोकं. नुकसान तेवढंच, कागद मात्र कोरा.

या कोऱ्या कागदाची किंमत दोघांनाही मोजावी लागू शकते. मच्छीमाराचा राग साचत जातो. अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चाच, तरी मासेमारांनी त्यांना मुद्दाम मारण्यावर पूर्ण बंदी यायला १९९४ साल उजाडलं. आपल्याकडे कायदा कडक आहे म्हणून राग नाहीसा होत नाही. आवाज करून डॉल्फिनला दूर ठेवणारी यंत्रं निघाली आहेत. पण काही ठिकाणी सीलसारखे प्राणी त्याच आवाजाला जेवणाची घंटा समजून जवळ आले. यंत्र घेण्याआधी नुकसान कुठे, कधी आणि किती होतं ते माहीत हवं. म्हणजे फिरून पुन्हा नोंदीपाशीच आलो.

त्या पहाटे आमच्या जाळ्यात किती डोकी आली ते मी वहीत लिहून घेतलं. तांडेलकाका हसले. म्हणाले, आजवर कुणी डोकी मोजली नव्हती. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांच्या मुलानं स्वतःच मोबाईलमध्ये तारीख, जागा आणि डोकी लिहून ठेवलेली होती. माझ्या प्रबंधातला हा आतापर्यंतचा सगळ्यात आवडता पुरावा.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरात मासेमारीच्या हिशेबाची जुनी वही असेल, आजोबांची, सोसायटीची, कुणाचीही, तर रद्दीत देऊ नका. जाळं शिवायला किती खर्च आला, दोरा कधी घेतला, कुठल्या महिन्यात मासा कमी आला, अशा साध्या ओळींमध्ये तो अर्धा रावस लपलेला असू शकतो. मला कळवा, मी येऊन वाचेन. वही तुमच्याच घरी राहील.