‘मानभावी’ : एका शब्दाचा आणि एका पंथाचा इतिहास

‘मानभावी’ हा शब्द आपण सहज वापरतो. वरवर नम्र, गोड बोलणारा, पण आतून कपटी असा माणूस त्यातून डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हणही जुनीच. बहुतेक अभ्यासक या शब्दाचे मूळ ‘महानुभाव’ या पंथनामात शोधतात. ‘मानभाव’ हे त्याचे लोकमुखातील रूप. म्हणजे ज्या पंथाच्या ‘लीळाचरित्रा’ला मराठीतील आद्य गद्यग्रंथाचा मान देऊन आम्ही पदव्युत्तर वर्गांत शिकवतो, त्याच पंथाचे नाव आमच्या बोलीत ढोंगाला पर्याय म्हणून रुळले आहे. हा विरोधाभास कसा घडला, याचा विचार केल्यास मुख्य प्रवाह आणि त्याच्या कडेला उभा असलेला समूह यांच्या नात्याविषयी काही हाती लागेल, असे आम्हांला वाटते.

‘उपसंस्कृती’ ही संज्ञा विसाव्या शतकातील समाजशास्त्राची. ती तेराव्या शतकाला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे मान्यच आहे. तथापि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी ‘आउटसायडर्स’ (१९६३) या ग्रंथात मांडलेला एक मुद्दा येथे उपयोगी पडतो. विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसतो. समाज नियम करतो, ते मोडणाऱ्याला नाव देतो, आणि त्या नावातून ‘विचलित’ माणूस निर्माण होतो. महानुभावांच्या बाबतीत हे नाव देणे अक्षरशः घडले.

श्रीचक्रधर मूळचे गुजरातचे. रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंपासून त्यांनी ज्ञान घेतले आणि यादवकाळात गोदावरीच्या परिसरात, विशेषतः पैठण व त्याच्या आसपास, त्यांचा संचार झाला. त्यांनी मोडलेले नियम लहानसहान नव्हते. एका परमेश्वरावाचून अन्य देवतांची उपासना त्यांनी निषिद्ध मानली. शिष्यांनी चारही वर्णांच्या घरची भिक्षा घ्यावी, असे सांगितले. स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. रजस्राव हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव असून त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही, हे सांगणारी लीळा प्रसिद्धच आहे. महदाइसेसारखी कवयित्री या परिवारात घडली ती या मोकळिकीमुळे. यादवांचा मंत्री हेमाद्री आणि पैठणची ब्राह्मणसभा यांच्याशी झालेल्या संघर्षाच्या कथा महानुभावीय ग्रंथांत येतात. व्रतवैकल्यांचा प्रचंड कोश रचणाऱ्या हेमाद्रीला व्रते आणि देवता दोन्ही नाकारणारा हा परिवार रुचला नसेल, तर त्यात नवल नाही.

भाषेची निवड हाही त्याच बंडाचा भाग होता. चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्यांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले. तसे झाल्यास परिवारातील साध्या, वृद्ध स्त्रिया वंचित होतील, अशी त्यांची भूमिका ‘स्मृतिस्थळा’त नोंदली आहे. म्हाइंभटाने सुमारे १२७८ मध्ये आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेही याच भूमिकेतून. मराठी ही तेव्हा या समूहाची ‘अस्मिता’ नव्हती. ज्यांना शास्त्राचा दरवाजा बंद होता, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची ती वाट होती.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ‘ज्ञानेश्वरी’ (१२९०) याच काळातली, मराठीतली आणि गीतेवरची. ज्ञानदेवादी भावंडांनाही संन्याशाची पोरे म्हणून बहिष्कार सोसावा लागला, असे परंपरा सांगते. मग वारकरी संप्रदाय महाराष्ट्राच्या मुख्य प्रवाहात विलीन झाला आणि महानुभाव कडेलाच राहिले, असे का? आमच्या मते, समाज आपल्यावरील टीका एक वेळ सहन करतो. आपल्या सामायिक खुणांचा त्याग मात्र सहन करत नाही. वारकऱ्यांनी देव नाकारले नाहीत, विठ्ठलाच्या ठायी ते एकवटले. वर्षाकाठी सर्वांना दिसणारी वारी उभी केली. संसार सोडायला सांगितले नाही. महानुभावांतही वासनिक, म्हणजे गृहस्थ अनुयायी होते. परंतु पंथाचा आदर्श होता तो अटन करणारा, गाव आणि नाते तोडलेला भिक्षू. पुढे रूढ झालेल्या काळ्या वेषाने हे वेगळेपण दुरूनही ओळखू येऊ लागले. काही संतरचनांतही या पंथीयांची संभावना कठोर शब्दांत झालेली दिसते. अहिंसेच्या काटेकोर आचारातून आलेले त्यांचे मृदू बोलणे हाच मग ढोंगाचा पुरावा ठरला. म्हणीतला ‘कसाब’ नेमका अहिंसकांच्याच वाट्याला यावा, यातच नाव देण्याच्या प्रक्रियेचे मर्म आहे. समूहाचा जो सद्गुण डोळ्यांत भरतो, त्यालाच समाज संशयाने उलटा करतो.

पंथाने त्यावर दिलेले उत्तर म्हणजे सांकेतिक लिपी. चौदाव्या शतकापासून सकळा, सुंदरी अशा लिप्यांतून ग्रंथ लिहिले जाऊ लागले. त्यांत एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर किंवा चिन्ह येते. छळाच्या भीतीने हे केले, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. लिपी लपवते, तशीच बांधूनही ठेवते. जो वाचू शकतो तो आपला, ही सीमा तिने आखली. पंजाबात ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शाखेतील पंजाबी भाषक अनुयायांनी मराठी ही धर्मभाषा म्हणून जपली, ती या आंतरिक शिस्तीच्या बळावर. मात्र याची किंमतही मोठी होती. म्हाताऱ्या स्त्रियांसाठी ज्या भाषेत ग्रंथ लिहिले, त्या भाषेच्या उर्वरित वाचकांना ते कित्येक शतके पारखे झाले. सर्वांसाठी उघडलेले दार आतून बंद करावे लागले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाडे यांनी सकळा लिपीचा उलगडा केला, पुढे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे यांनी हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आणले. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा काही लीळांवरून पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतले. एका बाजूला पाठचिकित्सा करणारा अभ्यासक, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या लेखी हे परमेश्वराचे चरित्र आहे असे श्रद्धावंत. ग्रंथ कोणाचा, भाषेचा की समूहाचा? आम्हांला संशोधनाचे स्वातंत्र्य मोलाचे वाटते. पण ज्या समूहाला ‘मानभावी’ म्हणून हिणवले, त्याच्याकडूनच अचानक निःसंशय विश्वासाची अपेक्षा करणे हेही मुख्य प्रवाहाचे जुनेच सुख आहे.

आज चित्र पालटले आहे. मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरलाच सुरू झाले. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीनतेच्या चर्चेत ‘लीळाचरित्रा’चे नाव अग्रभागी होते. कडेचे केंद्रात आले, याचा आनंद आहेच. तरी केंद्राने नेमके काय स्वीकारले, हे तपासून पाहावे. गद्य स्वीकारले, प्राचीनता स्वीकारली, गौरव स्वीकारला. विटाळ नाकारणारी लीळा, चारी वर्णांची भिक्षा, स्त्रीचा संन्यास यांचा स्वीकार झाला काय? ज्या आचारांमुळे हा पंथ विचलित ठरला ते वगळून केवळ त्याची भाषा साजरी केली, तर ‘बोलणी’ एक आणि ‘करणी’ दुसरी हा आरोप कोणाला लागू पडतो, हे शब्दकोशाला पुन्हा एकदा विचारावे लागेल.